स्लेड, नडगी आणि फेरिटिन

अश्विनी_पर्वतीपायथा

व्यायामाच्या जुन्या धाग्यावर मी सहज हायरॉक्सचा उल्लेख केला, तर चार-पाच जणांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून विचारलं की हा प्रकार काय आणि चाळिशीला टेकलेल्या बाईने तो कशासाठी करायचा. दोन्ही प्रश्न रास्त आहेत. तिथे विषयांतर नको म्हणून वेगळा धागा काढतेय. लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा.

हायरॉक्स ही फिटनेसची शर्यत २०१७ साली जर्मनीत, हॅम्बर्गला सुरू झाली. एक किलोमीटर पळायचं, एक स्टेशन करायचं, परत एक किलोमीटर, परत स्टेशन, असं आठ वेळा. स्टेशनं आणि त्यांचा क्रम जगात कुठेही गेलात तरी तोच. स्की-अर्गवर (स्कीइंगसारख्या दोऱ्या ओढायचं यंत्र) १००० मीटर, मग ५० मीटर स्लेड (वजनं लादलेली, चाकं नसलेली घसरगाडी) ढकलणे, ५० मीटर स्लेड दोराने ओढणे, ८० मीटर बर्पी ब्रॉड जंप (जमिनीला छाती टेकायची, उठायचं, पुढे उडी मारायची), १००० मीटर रोइंग, दोन हातांत केटलबेल (मुठीची वजनं) घेऊन २०० मीटर चालणे, म्हणजे फार्मर्स कॅरी, खांद्यावर वाळूची पिशवी टाकून १०० मीटर लंजेस (गुडघा टेकत लांब पावलं) आणि शेवटी १०० वॉल बॉल (बैठक मारून जड चेंडू उंच खुणेवर फेकणे). बायकांच्या ओपन गटात ढकलायची स्लेड तिच्या स्वतःच्या वजनासकट १०२ किलोची असते आणि केटलबेल १६-१६ किलोच्या. मी आधी क्रॉसफिट करायचे. तिथे काय येणार हे आयत्या वेळी कळतं, त्यात मजा असते आणि धाकधूकही. हायरॉक्समध्ये पेपर आधीच फुटलेला असतो. तरी जीव जातोच.

आठवडा साधारण असा असतो. सोमवारी ताकदीचं काम: डेडलिफ्ट, स्क्वॉट, पाठ. मंगळवारी पुण्यातल्या सणस मैदानाच्या ट्रॅकवर इंटरव्हल (थोडं जोरात, थोडं हळू). बुधवारी स्लेड आणि वाळूची पिशवी. गुरुवारी तळजाईवर सावकाश पळणं, म्हणजे शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल इतकं सावकाश. हा दिवस सगळ्यांना टाकाऊ वाटतो आणि खरा पाया तोच घालतो. शुक्रवार हलका. शनिवारी पळणं आणि स्टेशन एकत्र. रविवारी काही नाही. पर्वतीच्या १०३ पायऱ्या घराजवळ आहेत म्हणून अधूनमधून, पण उतरताना गुडघ्यांवर जोर येतो, त्यामुळे हल्ली चढायचं जोरात आणि उतरायचं आजोबांसारखं.

स्लेडबद्दल जरा सांगते, कारण लांबून बघणाऱ्याला ते गाडीला धक्का मारण्यासारखं वाटतं. आमच्या जिममध्ये टर्फ आहे, त्यावर स्लेड सरकते. स्पर्धेत खाली कार्पेट असतं आणि तीच स्लेड तिथे चिकटून बसते. नवखी माणसं हात ताठ करून, मोठी पावलं टाकून निघतात आणि निम्म्या अंतरात बूट घसरायला लागतात. मी कोपरं वाकवून खांदा दांड्याला आणते, पाठ सपाट, पावलं आखूड. थांबायचं नाही, कारण जागची स्लेड हलवायला चालत्या स्लेडपेक्षा कितीतरी जास्त जोर लागतो. मांड्या पेटतात, त्याचं काही नाही. खरी गंमत नंतर. स्लेड सोडून पुढचं किलोमीटर पळायला लागलं की पहिले दोनशे मीटर पाय दुसऱ्या कुणाचे तरी असतात.

आता नडगी.

२०२५ च्या मे महिन्यात मुंबईत भारतातली पहिली हायरॉक्स झाली. माझी नोंदणी होती, तयारीही जोरात होती. त्याआधी हिवाळ्यात उजव्या नडगीच्या आतल्या कडेला, घोट्याच्या वर चार बोटांवर दुखायला लागलं. आधी पळताना, मग पळून झाल्यावरही, मग जिना उतरताना. पुढे पुढे रात्री कूस बदलली की जाग यायची. एक्स-रे काढला, नॉर्मल आला. शिन स्प्लिंट (ताणाने नडगीच्या कडेला येणारं दुखणं) आहे, बर्फ लावा, बूट बदला, असं सांगण्यात आलं. बूट बदलले. दुखणं बूट बदलल्यासारखं काही वागेना.

मग एका स्पोर्ट्स मेडिसिनच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी अंगठ्याने नडगी वरपासून खालपर्यंत दाबत आणली आणि एका रुपयाएवढ्या जागेवर मी टेबलवरून उडाले. एमआरआयमध्ये टिबियाचं, म्हणजे नडगीच्या हाडाचं, स्ट्रेस फ्रॅक्चर (सततच्या ताणाने पडलेली बारीक चीर) निघालं. पण एमआरआयचा कागद लिहिण्याआधीच डॉक्टरबाईंनी विचारलं होतं, "पाळी शेवटची कधी आली?" मी म्हटलं, मध्ये मध्ये चुकते, वय झालं असेल. त्या म्हणाल्या, "वयाचं नंतर बघू. दिवसभरात काय खाता ते सांगा, एकूण एक."

हिशोब त्यांनी माझ्यासमोर कागदावर केला. तेव्हा माझं वजन ५५ किलो, त्यात चरबी सोडून साधारण ४५. खाणं १९०० कॅलरीच्या आसपास, त्यातल्या ६५० व्यायामात खर्च. उरल्या १२५०. भागिले ४५ केलं की किलोमागे २८ च्या आतबाहेर. शरीराची सगळी कामं नीट चालायला हा आकडा ४५ च्या जवळ असावा, ३० च्या खाली गेला की शरीर कामं बंद करायला लागतं, असा सर्वसाधारण ठोकताळा आहे. आधी बंद पडते ती पाळी, कारण जगायला ती लागत नाही. इस्ट्रोजेन कमी झालं की हाडांची डागडुजी मंदावते. आणि त्याच हाडांवर मी आठवड्यातून चार दिवस आदळत होते. ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये या सगळ्या प्रकाराला रेड-एस असं नाव दिलं. पुरुषांनाही होतं, फक्त त्यांना पाळीसारखी घंटा नसते.

रक्ताचे रिपोर्ट: हिमोग्लोबिन १२.४, म्हणजे उत्तम. फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा, ११. ड जीवनसत्त्व १४. दोन्ही कमी. हिमोग्लोबिन बघून कुणीही मला पास केलं असतं. लोहाची साठवण तळाला गेली तरी हिमोग्लोबिन बरेच दिवस टिकून राहतं, म्हणून नुसत्या सीबीसीवर (रक्तपेशींच्या नेहमीच्या तपासणीवर) विसंबू नका, फेरिटिन वेगळं करून घ्या.

गंमत म्हणजे त्या काळात माझं कौतुकच कौतुक चाललं होतं. वजन उतरलं, पुलअप्स वाढल्या, जिमच्या ग्रूपवर टाळ्या. मी काही डाएट वगैरे करत नव्हते. व्यायाम वाढला होता, ताट तेवढंच राहिलं होतं, आणि त्यात संकष्टी, एकादशी आणि ऑफिसात सगळे करतात ते सोळा तासांचं फास्टिंग. खटकलं ते फक्त सासूबाईंना. त्या रोज म्हणायच्या, "चेहरा ओढलाय तुझा."

मे महिन्यातली स्पर्धा अर्थात हुकली. आधी काही आठवडे पळणं आणि उड्या बंद. टिळक टँकवर पोहणं, सायकल, बसून करायचं ताकदीचं काम. मग दुखत नसेल तर एक मिनिट पळणं, एक मिनिट चालणं, असं वाढवत नेलं. त्याहून अवघड निघालं ते खाणं. सकाळी पळायच्या आधी गूळ-तूप-पोळी किंवा केळं, आल्या आल्या नाश्ता, दुपारी भात परत ताटात. व्यायामाच्या दिवशी उपास नाही. पाळी काही महिन्यांनी रुळावर आली, फेरिटिनला त्याहून वेळ लागला. मग पुढे एका स्पर्धेत उतरले, वेळ काही खास नव्हती, वॉल बॉलवर नो-रेप (पंचांनी न मोजलेल्या फेकी) भरपूर खाल्ले कारण बसताना मांडी गुडघ्याच्या खाली जात नव्हती.

हे सगळं करून माझं मत काय झालंय ते सांगते आणि थांबते. जागतिक आरोग्य संघटना म्हणते मोठ्या माणसाने आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम आणि किमान दोन दिवस स्नायूंचा व्यायाम करावा. तब्येतीची सोय तेवढ्यात बऱ्यापैकी लागते. त्याच्या वर मी जे करते ती हौस आहे. मला ती प्रिय आहे, मी सोडणार नाही. पण हौसेचा खर्च तब्येतीच्या खात्यावर टाकायचा नाही, तो वेगळा भरायचा: जास्तीचं खाणं, जास्तीची झोप, रक्ताच्या तपासण्या, आणि पाळीची नोंद ट्रेनिंगच्या वहीतच, स्क्वॉटच्या आकड्यांशेजारी.

प्रश्न विचारा. "एवढं कशाला" सोडून काहीही.

---

कसब्यातला_गडी

एवढं कशाला? :)

लेख आवडला हो. पण आमच्या लहानपणी पेठेत तालमी होत्या तिथे जोर, बैठका, सपाट्या, मुद्गल फुकटात होत होतं. मातीत ताक, तेल, हळद घालून ती उकरायची, हाच निम्मा व्यायाम. कॅप्टन दामल्यांनी १९२४ साली महाराष्ट्रीय मंडळ काढलं तेव्हा कुणी स्की-अर्ग मागवलं नव्हतं. जर्मन लोकांनी आपल्याला पोतं उचलायला शिकवायचं आणि त्याची फी घ्यायची, हे काही पचत नाही.

निनाद_७८

+१. आमच्याकडे तिसऱ्या मजल्यावर सिलिंडर खांद्यावर आणणारा माणूस रोज फार्मर्स कॅरी करतो. मार्केट यार्डात पहाटे जाऊन बघा, शेकड्याने हायरॉक्सवीर सापडतील. मेडल नाही, टी-शर्ट नाही.

मृ_फिजिओ

अश्विनी, फार नेमकं लिहिलंस. पेशाने फिजिओ आहे म्हणून थोडी भर घालते.

नडगी दुखली की सगळे शिन स्प्लिंट म्हणतात. घरच्या घरी फरक ओळखायची एक खूण: दुखणं हाडाच्या कडेने बोटभर-वीतभर पसरलेलं असेल आणि पाय गरम झाल्यावर कमी होत असेल तर बहुधा शिन स्प्लिंट. एका बोटाने दाखवता येईल इतकी नेमकी जागा, पळताना वाढत जाणारं आणि रात्री ठणकणारं दुखणं असेल तर पळणं त्याच दिवशी थांबवा. त्या पायावर लंगडी घालून बघायचा मोह होतो, नका घालू, ते आमच्यावर सोडा. आणि सुरुवातीच्या दोन-तीन आठवड्यांत एक्स-रे नॉर्मल येणं अगदी नेहमीचं आहे. नॉर्मल एक्स-रे म्हणजे हाड ठीक आहे असं होत नाही.

नडगीच्या पुढच्या धारेवर दुखत असेल तर जास्तच सांभाळा, तिथली फ्रॅक्चर लवकर जुळत नाहीत.

यार्डातला_संतोष

निनाद, तुमची पोस्ट वाचून लिहावंसं वाटलं. माझे वडील मार्केट यार्डात भुसार विभागात हमाल होते. त्यांच्या उमेदीत पोतं १०० किलोचं असायचं. ते वजन कमी व्हावं म्हणून हमालांनी वर्षानुवर्षं भांडण केलं, बाबा आढावांच्या सभांना वडील मला खांद्यावर घेऊन जायचे. आज त्यांची मान वळत नाही. हाक मारली तर अख्खं अंग वळवून बघतात. दोन्ही गुडघे गेलेत. दंड अजून माझ्यापेक्षा जाड आहेत.

त्यांना कुणी "काय तब्येत आहे" म्हटलं की हसायचे. ट्रेनिंगमध्ये वजन हळूहळू वाढवतात आणि मध्ये एक आठवडा हलका ठेवतात असं मी त्यांना सांगितलं, तर म्हणाले, "संप झाला की आमचा हलका आठवडा."

हमाल पंचायतीने कष्टाची भाकर सुरू केली ती याचसाठी, की ओझं उचलणाऱ्याला पोटभर आणि परवडेल असं मिळावं. अश्विनीताईंनी कॅलरीचा जो हिशोब लिहिलाय तो यार्डात सगळ्यांना तोंडपाठ होता, आकड्यांशिवाय.

निनाद_७८

संतोष, माझी पोस्ट थिल्लर होती. तुमची जपून ठेवतो.

अश्विनी_पर्वतीपायथा

संतोष, वडिलांना नमस्कार सांगा. मूळ लेखात हे असायला हवं होतं इतकं महत्त्वाचं लिहिलंत.

कसब्यातले गडी, तालमीबद्दल अजिबात वाद नाही. माझा खांदा मुद्गल फिरवूनच सुधारला, तोही आमच्या जिमच्या कोपऱ्यात धूळ खात पडलेल्या मुद्गलाने. पण तालमीचं सगळंच गोमटं होतं असंही नको. कुस्तीत वजनगट गाठायला दोन दिवस पाणी तोडणारी पोरं तुम्हीही बघितली असतील. आणि कुस्ती सुटली पण खुराक सुटला नाही, मग चाळिशीत पोट, साखर आणि बीपी घेऊन फिरणारे पैलवान प्रत्येक पेठेत आहेत. फीचं म्हणाल तर कबूल. नोंदणी, बूट, मुंबईची राहण्याची सोय धरली तर आमच्या घरी याला "आईची सहल" म्हणतात.

कसब्यातला_गडी

पैलवानांचं खरं आहे. आमच्या थोरल्या बंधूंचंच वर्णन केलंत. बदाम अजून चालू आहेत, बैठका १९९४ साली थांबल्या.

रोहन_हिंजवडी

एक सावधगिरीची गोष्ट. माझा मावसभाऊ कॉलेजात असताना चांगला व्यायाम करायचा. मग नोकरी, लग्न, चारेक वर्षं काही नाही. ऑफिसच्या जिममध्ये "चॅलेंज" होतं, त्यात शंभर पुलअप्स. रबर लावून, झोके घेऊन, जमेल तशा त्याने मारल्या. दुसऱ्या दिवशी हात कोपरात सरळ होईनात. सगळे म्हणाले, अरे मस्त, स्नायू जागे झाले. तिसऱ्या दिवशी लघवी कोकाकोलाच्या रंगाची. ॲडमिट केलं, सलाईनवर होता, किडनी थोडक्यात वाचली. रॅब्डो म्हणतात याला, आम्हाला शब्दही माहीत नव्हता.

मृ_फिजिओ

रॅब्डोमायोलिसिस. स्नायूंच्या पेशी फुटतात, आतलं मायोग्लोबिन रक्तात येतं आणि किडनीला त्रास देतं. रक्तात सीके (स्नायूंतलं एक एन्झाइम) तपासतात, तो अशा वेळी हजारांच्या घरात जातो. सगळ्यात जास्त धोका तुझ्या भावासारख्यांना असतो: पूर्वी फिट असलेला, मध्ये खंड पडलेला माणूस. डोक्याला जुनी ताकद आठवते, स्नायू ती विसरलेले असतात. त्यात उन्हाळा आणि कमी पाणी असेल तर बघायलाच नको. गडद लघवी, सूज, हात-पाय सरळ न होणं, यातलं काही दिसलं तर घरी पाणी पीत बसू नका, थेट दवाखाना.

शाकाहारी_सई

अश्विनी, प्रोटीनचं काय करतेस? आम्ही अंडंही खात नाही. जिममधला पोरगा म्हणतो पावडरशिवाय तरणोपाय नाही.

अश्विनी_पर्वतीपायथा

सई, मी अंडी खाते, पण घरी शाकाहारीच शिजतं, तेव्हा उत्तर देता येईल.

आपल्याकडे सर्वसाधारण माणसाला किलोमागे ०.८३ ग्रॅम सांगतात. ताकदीचा व्यायाम करणाऱ्याला १.६ च्या आसपास धरतात. म्हणजे ५५ किलोच्या बाईला ८८ ग्रॅम. आता ताट बघ. वाटीभर आमटीत डाळ असते किती? मूठभर. तिच्यातून सहा-सात ग्रॅमच्या वर मिळत नाही. १०० ग्रॅम पनीर १८ च्या आसपास, पाव लिटर दूध आठ. सोया चंक्स १०० ग्रॅम कोरडे घेतले तर ५० च्या वर, पण तेवढे एका बैठकीत कोण खाणार? मी ३० ग्रॅम घेते, रश्शात टाकते, कुणाला कळतही नाही. सकाळच्या पोह्यांत मटार-शेंगदाणे टाकले तरी ते पोहेच राहतात, त्यांच्याबरोबर दही किंवा दूध हवं.

पावडर म्हणजे दुधाचंच प्रोटीन, औषध नव्हे आणि विषही नव्हे. वरच्या गोष्टी करून पंधरा-वीस ग्रॅम कमी पडत असतील तर घे. पण आधी पोट भरतंय का ते बघ. एकूण खाणंच कमी असेल तर ते प्रोटीन सरपणासारखं जळून जातं.

आणि लोहाची गोळी चहाबरोबर नको. शिवाय दमदार व्यायामानंतर तीन ते सहा तास हेप्सिडिन (लोहाचं शोषण अडवणारं हार्मोन) वाढलेलं असतं, तेव्हा लोह नीट शोषलं जात नाही. मी सकाळी उठल्याबरोबर लिंबूपाण्याबरोबर घ्यायचे.

मंदार_औंध

क्रिएटिन (ताकदीसाठी घेतात ती पावडर) घेता का? मी सहा महिने ५ ग्रॅम घेतोय. कंपनीच्या हेल्थ चेकअपमध्ये क्रिएटिनिन (किडनी तपासायला बघतात तो रक्तातला आकडा) १.४ आलं आणि तिथल्या डॉक्टरांनी किडनीच्या गोष्टी सुरू केल्या. बायकोने डबा फेकून दिला.

मृ_फिजिओ

माझा प्रांत नाही, पण इतकं सांगते: क्रिएटिनचा काही भाग शरीरात क्रिएटिनिनच होतो, आणि ज्याचे स्नायू जास्त त्याचं क्रिएटिनिन मुळातच थोडं वर असतं. नेफ्रॉलॉजिस्टना क्रिएटिन घेत असल्याचं स्पष्ट सांगा आणि सिस्टॅटिन सी ही तपासणी करायची का ते विचारा, तिच्यावर स्नायूंचा परिणाम फारसा होत नाही. लघवीतलं प्रोटीनही बघतील. निरोगी माणसाला ३ ते ५ ग्रॅमने किडनीला अपाय झाल्याचं अभ्यासांत दिसत नाही, पण तुमची किडनी निरोगी आहे हे आधी ठरू दे. बायकोवर राग नको.

सहस्रबुद्धे_काका

वय ६४. रोज हनुमान टेकडी. ही असली स्पर्धा माणसाने करावी का, हा प्रश्न मला पडतो. २०२४ साली अमेरिकेत क्रॉसफिट गेम्समध्ये पोहण्याच्या फेरीत लाझार जुकिच हा सर्बियन खेळाडू बुडून गेला. २८ वर्षांचा, जगातल्या अव्वलांपैकी. तिथे ही गत, तर आपल्याकडे काय व्यवस्था असणार?

अश्विनी_पर्वतीपायथा

काका, ती बातमी आली त्या दिवशी आमच्या जिममध्ये कुणी संगीत लावलं नाही. ते तळ्यातलं पोहणं होतं, आणि सगळ्यांचा राग होता तो पाण्यावरच्या देखरेखीवर. खेळाडूची तयारी कितीही असली तरी पाण्यात तो संपूर्ण दुसऱ्याच्या लक्षावर अवलंबून असतो. त्यामुळे मी आयोजकांना नोंदणीआधी विचारते: डॉक्टर किती, ॲम्ब्युलन्स कुठे उभी असेल, एईडी यंत्र (बंद पडलेल्या हृदयाला विजेचा झटका देणारं) आहे का, स्पर्धा किती वाजता सुरू होणार. आपल्याकडे मे महिन्यात सकाळी दहाला उघड्या मैदानावर स्पर्धा ठेवणारे महाभाग आहेत. उत्तर नीट आलं नाही तर मी जात नाही. एकदा गेले नाही, पैसे बुडाले.

साठीनंतरही हायरॉक्समध्ये वयोगट आहेत. हे आमंत्रण समजा.

सहस्रबुद्धे_काका

आमंत्रणाबद्दल आभार. हनुमान टेकडी पुरे.

अमेय_बाणेर

जाता जाता, एसीएलचं (गुडघ्यातल्या लिगामेंटचं) ऑपरेशन होऊन पाच महिने झालेत (फुटबॉल). दुखत अजिबात नाही. सर्जन म्हणाले सहा महिन्यांनी खेळा. डिसेंबरची स्पर्धा गाठू का?

मृ_फिजिओ

न दुखणं हा निकष नाही. साधारण नऊ महिन्यांच्या आधी परतणाऱ्यांत गुडघा पुन्हा जायचं प्रमाण बरंच जास्त दिसतं, आणि नऊ महिने झाले तरी मांडीची ताकद दुसऱ्या पायाच्या निदान ९० टक्के हवी, एका पायावरच्या उड्यांच्या चाचण्या पास व्हायला हव्यात. कॅलेंडर आणि चाचणी दोन्ही. आपल्या बीडच्या अविनाश साबळेचं एसीएल २०२५ च्या जुलैत मोनॅकोला शर्यतीत गेलं, त्याच्यासारख्या माणसालाही ते महिने चुकवता येत नाहीत. हायरॉक्समध्ये वळणं कमी असतात हे खरं, पण शंभर मीटर लंजेस दमलेल्या मांडीने करायच्या आहेत. डिसेंबर सोड.

अमेय_बाणेर

बरं. सोडला. (रडका चेहरा)

तेजूची_आई

धागा पहिल्यापासून वाचतेय, लिहू की नको करत होते. मुलगी सोळा वर्षांची, १५०० मीटर पळते, जिल्हा पातळीवर नंबर येतो. पाळी तेराव्या वर्षी सुरू झाली, नियमित होती. आता पाच महिने नाही. तिच्या सरांना विचारलं तर म्हणाले, "खेळणाऱ्या मुलींचं असंच असतं, उलट ट्रेनिंग लागू पडतंय. हलकी राहिली तर टायमिंग अजून सुधारेल." ती रात्री पोळी खात नाही हल्ली. पाय दुखतो म्हणते, पण कुठे ते नीट सांगत नाही. मी उगाच घाबरतेय का?

मृ_फिजिओ

नाही. तीन महिने पाळी आली नाही की डॉक्टरला दाखवायचं, खेळाडू असो वा नसो. "असंच असतं" हे चूक आहे, कितीही मोठ्या कोचने सांगितलं तरी. आणि या वयात हे जास्त गंभीर, कारण हाडांचा बहुतेक साठा विशीच्या आत होतो. आत्ता राहिलेलं नंतर भरून काढता येत नाही. पाय दाखवून होईपर्यंत पळणं बंद. लपवत असेल तर पाय खरंच दुखत असणार, स्पर्धा जाईल या भीतीने मुली सांगत नाहीत.

अश्विनी_पर्वतीपायथा

तेजूच्या आई, मृला शंभर टक्के अनुमोदन. डॉक्टरांकडे जाताना तिचं आठवडाभराचं ट्रेनिंग आणि खाणं लिहून न्या. सीबीसी, फेरिटिन, ड, थायरॉइड बहुधा सांगतीलच. खाण्याबद्दल तिच्याशी बोलताना वजनाचा विषय काढू नका. "लवकर बरी होऊन ट्रॅकवर जायचंय ना" एवढंच. माझ्या डॉक्टरांचं नाव व्यनित पाठवते, त्या शाळकरी खेळाडूही बघतात.

तेजूची_आई

व्यनि मिळाला, आभार. सोमवारची वेळ मिळाली आहे. काल रात्री शेजारी बसून विचारलं तेव्हा तिने बोट ठेवून जागा दाखवली, डाव्या पायाची, अगदी एवढीशी. सरांशी बोलायला तिचे बाबा जाणार आहेत. मी गेले तर भांडण होईल.

यार्डातला_संतोष

ताई, भांडण झालं तरी चालेल. तुम्हीच जा.